हरवलेले अडीच हजार किलोमीटर

"दहा तास," हृदयाचे डॉक्टर म्हणाले. "विमानात एकूण दहा तासांच्या आत होत असेल तर खुशाल जा. वर जात असेल तर नको."

झालं. एवढं बोलून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. आपण हे कोणाला सांगून बसलो याची त्यांना कल्पना नव्हती. साध्या माणसाला दहा म्हणजे दहा, थोडे इकडे थोडे तिकडे. पण समोर बसलेला माणूस जमीनमोजणी खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झाला होता. खात्यात त्यांना पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणत. निवृत्तीनंतर लोक तोंडावर म्हणायला लागले आणि त्यांनी ते चालवून घेतलं. दोन भावांच्या शेतांमधली चार बोटांची पट्टी नक्की कोणाची, हे ठरवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला 'दहा तासांच्या आत' हे उत्तर वाटत नाही, प्रश्न वाटतो.

"म्हणजे चाकं जमिनीवरून सुटल्यापासून, की दार लागल्यापासून?" त्यांनी विचारलं. पण तोवर पुढचा पेशंट आत येऊन त्यांच्या खुर्चीकडे आशेने बघत उभा राहिला होता.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "चला, बरं झालं. दहा तास म्हणजे पुष्कळ झाले."

"पुष्कळ?" मिलिमीटर म्हणाले. "मोजलेस?"

बायको रिक्षा शोधायला लागली. अडतीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

प्रकरण तसं सरळ होतं. लेक परदेशात, पुढच्या महिन्यात बाळंत होणार. आईचं तिकीट काढून झालं होतं. आईची बॅग तर लेकीला तिसरा महिना लागला तेव्हापासून भरलेली होती, मधूनमधून उघडून त्यात आणखी एक दुपटं कोंबलं जायचं एवढंच. तिच्या शेजारची जागा ओळखीच्या तिकीटवाल्याने महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवली होती. ती मिलिमीटरांची. लेक गेली त्याला नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत बाप एकदाही तिकडे गेला नव्हता. आधी नोकरी होती, मग निवृत्तीचे कागद अडकले होते, मग गच्ची गळत होती, मग गच्ची गळायची थांबली आहे का हे बघायचं होतं, आणि आठ महिन्यांपूर्वी हृदयात एक नळी बसवली तेव्हापासून तर कारण शोधायची गरजच उरली नव्हती.

लेक मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली होती, "बाबा, मी दर वर्षी विचारते. या वेळी शेवटचं विचारतेय. नाही आलात तर रागावणार नाही, पण परत विचारणारही नाही."

हे ती अगदी शांतपणे म्हणाली होती. आरडाओरडा केला असता तर मिलिमीटरांना बरं वाटलं असतं.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं. मिलिमीटर घाबरले होते. विमानाला नव्हे, विमानाबद्दल त्यांच्या मनात आदरच होता. पण जमिनीपासून अकरा किलोमीटर वर आपल्या छातीत काही झालं तर 'थांबा, मी इथेच उतरतो' म्हणायची सोय नाही, ही गोष्ट त्यांना रात्रंदिवस खात होती. हे ते बायकोपाशीही बोलले नव्हते. त्यामुळे डॉक्टरांनी दहाचा आकडा सांगितला तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा की देवा, अकरा भरू देत. दुसरा विचार आला तो स्वतःची लाज वाटल्याचा. पण लाजेपेक्षा आकडा महत्त्वाचा असल्यामुळे ते घरी येऊन कामाला लागले.

बायकोच्या तिकिटावर लिहिलं होतं, निघण्याची वेळ दुपारी एक वीस, पोचण्याची संध्याकाळी सात. मिलिमीटर काही खुळे नव्हते. तिकडची घड्याळं इकडच्यापेक्षा पाच तास मागे असतात हे त्यांना ठाऊक होतं. पण विमान कंपनीने छापलेल्या वेळेवर विश्वास ठेवून हिशेब करणं म्हणजे शेतमालकालाच त्याच्या शेताचं क्षेत्रफळ विचारण्यासारखं होतं. ते स्वतः मोजणार होते. एकदा नव्हे, दोनदा. खात्याची रीतच ती होती.

पण आपल्या घरात काही मोजलं जातंय हे इमारतीला कळायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर सल्ला घेऊन खाली उतरले.

"एक वीसला सुटते, सातला पोचते. पाच तास चाळीस मिनिटं," मास्तर म्हणाले. "यात मोजायचं काय आहे?"

"अहो, घड्याळं वेगळी आहेत."

"स्टेशनातलं घड्याळ ते खरं घड्याळ. ज्या स्टेशनात गाडी उभी राहते, त्या स्टेशनाचं." मास्तरांनी परतीचं तिकीट उलटून पाहिलं. "आणि येताना चौदा तास चाळीस. हं. म्हणजे जाताना उतार आहे आणि येताना चढ."

मिलिमीटरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात तळमजल्यावरच्या विमानवाल्या काकू आल्या. काकूंचा मुलगा तिकडेच असतो आणि काकू आजवर अकरा वेळा जाऊन आल्या आहेत. अकराव्या वेळेनंतर त्यांनी इमारतीत पायी चालणंसुद्धा थोडं कमी केलं, असं लोक म्हणतात.

"तासांचं काय घेऊन बसलात भाऊ?" काकू म्हणाल्या. "तीन सिनेमे आणि एक डुलकी. की आलं."

"सिनेमा केवढा?"

"अं?"

"तीन सिनेमे म्हणालात. एक सिनेमा किती मिनिटांचा धरायचा? मध्यंतरासकट की सोडून? आणि डुलकी?"

काकूंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग बायकोकडे वळून हलकेच म्हणाल्या, "वहिनी, त्या गोळ्या अजून चालू आहेत ना यांच्या?"

दुसऱ्या दिवशी मिलिमीटरांनी कपाटावरून जगाचा मोठा नकाशा काढला, जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर चार जाड पुस्तकं ठेवली आणि निवृत्तीनंतर प्रथमच आपला कंपास बाहेर काढला. बायकोला त्या दिवशी बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला भिंतीला चिकटून जावं लागत होतं, कारण वाटेत महासागर होता. दोन्ही विमानतळांवर त्यांनी टाचण्या टोचल्या, मध्ये पेन्सिलने रेघ ओढली आणि मोजली. अठ्ठावीस सेंटिमीटर. परत मोजली. अठ्ठावीस सेंटिमीटर. नकाशाच्या तळाशी लिहिलं होतं, एक सेंटिमीटरला चारशे किलोमीटर. अकरा हजार दोनशे किलोमीटर. विमानाचा वेग ताशी साडेआठशे. भागाकार केला. तेरा तास अकरा मिनिटं.

तेरा तास अकरा मिनिटं! मिलिमीटर जमिनीवरून उठले तेव्हा गुडघे दुखत होते, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. आता काय, डॉक्टरांचाच हुकूम. माणूस काय करणार?

"तेरा अकरा," त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून शक्य तितक्या दुःखी आवाजात जाहीर केलं. "जमायचं नाही गं."

बायको दुधाकडे बघत होती. "बरं," ती म्हणाली. "मग माझ्या शेजारी कोण बसेल कोण जाणे. खिडकीची जागा आहे, कोणीतरी बसेलच."

या 'बरं'ने मिलिमीटरांची झोप उडाली. भांडण झालं असतं तर त्यांच्यापाशी आकडे तयार होते. शिवाय संध्याकाळी मास्तरांनी आणखी एक खडा टाकला. त्यांच्या सुनेने फोनवर बघितलं तर कंपनी म्हणे अंतर आठ हजार सहाशे पन्नास किलोमीटरच सांगते.

"आठ हजार सहाशे पन्नास?" मिलिमीटर ताडकन उठले. "आणि माझं अकरा हजार दोनशे? अडीच हजार किलोमीटरचा फरक? मास्तर, आमच्या खात्यात अडीच फुटांचा फरक पडला तर चौकशी बसायची!"

भीती, लाज, लेक, सगळं क्षणभर बाजूला राहिलं. इथे खात्याच्या इज्जतीचा प्रश्न होता. मिलिमीटरांनी कंपनीकडे तक्रार करायचं ठरवलं. अडचण एवढीच की कंपनीच्या तक्रारीच्या फॉर्मवर चारच प्रकार होते: जेवण, आसन, कर्मचारी आणि सामान. अंतर हे जेवण नव्हे, आसन नव्हे आणि कर्मचारी तर नव्हेच. खूप विचार करून त्यांनी 'सामान'पुढे खूण केली. खाली 'काय हरवले' या चौकटीत लिहिलं, 'आपल्या मोजणीत २५५० कि. मी. गहाळ आहेत. कृपया फेरमोजणी व्हावी.' चौकट लहान होती, 'मी.' अर्धा बाहेर गेला.

चार दिवसांनी फोन आला. सामान विभागातल्या बाई होत्या, आवाज साखरेत घोळलेला.

"सर, आपलं सामान हरवल्याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. दोन हजार पाचशे पन्नास किलो ना?"

"किलोमीटर."

"हो सर. कोणत्या रंगाचं होतं?"

"बाई, अंतराला रंग नसतो."

"मग मी 'इतर' लिहिते सर. चाकं होती?"

मिलिमीटरांनी दीर्घ श्वास घेतला आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. नकाशा, टाचण्या, कंपास, दोनदा केलेली मोजणी. बाईंनी अत्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "सर, आत काही नाशवंत होतं का?"

त्यानंतर दर तीन दिवसांनी फोन यायला लागले. 'आपलं सामान शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.' बायको फोन घ्यायची आणि म्हणायची, "सापडलं तर घरी नका पाठवू हो. जागा नाही." मिलिमीटरांना वाटलं, आता कंपनीच्या तोंडावर सज्जड पुरावा फेकल्याशिवाय हे थांबणार नाही. पुरावा म्हणजे पृथ्वीचा गोल. नकाशावरचं अंतर गोलावरही तेवढंच भरलं की कंपनीचं तोंड बंद.

गोल मागच्या गल्लीतल्या शाळेत होता. शाळा म्हणाली, अर्ज द्या. अर्ज दिला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, गोल शाळेबाहेर नेता येत नाही. मिलिमीटर म्हणाले, इथेच बसून मोजतो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, गोल फक्त भूगोलाच्या तासाला कपाटाबाहेर निघतो, आणि भूगोलाचा तास मंगळवारी, पाचवीच्या वर्गात. त्यामुळे मंगळवारी सकाळी अकरा वाजता मिलिमीटर, वय वर्षं त्रेसष्ट, निवृत्त मुख्य आरेखक, बायकोच्या शिवणाच्या डब्यातली दोऱ्याची रीळ खिशात घालून पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागत होते.

भूगोलाच्या बाई तरुण आणि उत्साही होत्या. उत्साही माणसांची मिलिमीटरांना पहिल्यापासून धास्ती होती, ती उगीच नव्हती.

"मुलांनो, आज आपल्याकडे पाहुणे आले आहेत," बाई म्हणाल्या. "आजोबांनी नकाशावर रेघ ओढून दोन विमानतळांमधलं अंतर काढलं. ते आलं अकरा हजार दोनशे किलोमीटर. विमानवाले म्हणतात आठ हजार सहाशे पन्नास. कोण चुकलं?"

"आजोबा!" अख्खा वर्ग ओरडला. त्यात क्षणाचाही विचार नव्हता.

"काय चुकलं त्यांचं?"

"पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट आहे!"

मिलिमीटरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी आयुष्यभर शेतं मोजली होती, अंगणं मोजली होती, विहिरीपासून कुंपणापर्यंत मोजलं होतं. एवढ्याशा तुकड्यात पृथ्वी कुठे गोल असते? चौतीस वर्षांत एकाही शेतकऱ्याने त्यांच्यापाशी पृथ्वीच्या गोलाईची तक्रार केली नव्हती. सपाट कागदाच्या वरच्या भागात सगळं ताणून मोठं दाखवतात आणि खाली लिहिलेलं प्रमाण तिथे लागूच पडत नाही, हे त्यांनीही कधीकाळी वाचलं होतं. पण वाचलेलं वेगळं आणि हातात मुरलेलं वेगळं.

"या आजोबा, पुढे या," बाई म्हणाल्या. "तुम्हीच मोजा."

ते पुढे गेले. गोलाला एका महासागरात पोचा आला होता, आणि तो फिरवला की कुरकुरायचा. मिलिमीटरांनी दोऱ्याचं एक टोक इकडच्या विमानतळावर धरलं, दुसरं लेकीच्या गावावर, आणि दोरा ताणला. दोरा नकाशावरच्या रेघेसारखा आडवा गेलाच नाही. तो आपणहून वर सरकला, बर्फाच्या कडेकडेने वळला आणि घट्ट बसला. त्यांनी खूण केली, दोरा पट्टीवर ठेवला. वीस पूर्णांक चार सेंटिमीटर. परत मोजला. वीस पूर्णांक चार. गोलाचं प्रमाण एक सेंटिमीटरला चारशे पंचवीस किलोमीटर. आठ हजार सहाशे सत्तर. कंपनीचं बरोबर होतं.

पण मिलिमीटर तिथेच उभे राहिले. दोरा काढल्यावर त्यांनी सहज म्हणून हात ठेवला होता. अंगठा इकडच्या विमानतळावर ठेवला, बोटं पसरली, तर करंगळी लेकीच्या गावावर टेकली. एक वीत. नऊ वर्षं त्यांनी लेक जगाच्या पलीकडे गेली असंच धरलं होतं, आणि ती वीतभर अंतरावर होती. त्यांना एकदम इतकं वाईट वाटलं की वर्गासमोर उभं राहणं कठीण झालं. एवढंसं अंतर, आणि आपण नऊ वर्षं गच्चीकडे बघत बसलो.

"आजोबा, झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं," मिलिमीटर म्हणाले. "माझंच चुकलं होतं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्यांनी आयुष्यात कोणाकडून ऐकल्या नव्हत्या इतक्या मोठ्या टाळ्या होत्या, आणि त्या चुकीसाठी होत्या.

घरी येताना त्यांनी रस्त्यातच भागाकार केला. आठ हजार सहाशे सत्तर भागिले साडेआठशे. दहा तास बारा मिनिटं. मिलिमीटर फुटपाथवर थबकले. आठवड्यापूर्वी हा आकडा मिळाला असता तर त्यांनी मनातल्या मनात उडी मारली असती. आता त्यांना ती बारा मिनिटं डोळ्यात खुपायला लागली. आता त्यांना जायचं होतं. भीती गेली नव्हती, ती जिथल्या तिथे होती. पण तिच्याकडे बघायला आता त्यांना फुरसत नव्हती.

त्या दिवसापासून मिलिमीटर बारा मिनिटांच्या मागे लागले. ते स्वतःच मास्तरांकडे गेले. मास्तरांनी तिकिटं पुन्हा मागितली. "जाताना पाच चाळीस, येताना चौदा चाळीस. दोन्हींची बेरीज करा आणि निम्मी करा. घड्याळांचा घोळ आपोआप कटतो." त्यांनी पेन्सिल चालवली. "दहा तास दहा मिनिटं."

मिलिमीटर त्यांच्याकडे बघत राहिले. मोजायचं ते दोनदा मोजायचं आणि सरासरी काढायची, ही तर खात्याचीच रीत! मास्तर एवढे हुशार आहेत हे वीस वर्षं एकाच इमारतीत राहून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"दोन मिनिटं कमी झाली," ते भारावून म्हणाले. "अजून दहा काढता येतील का?"

"पण सरासरीवर गाडी चालत नाही साहेब. जाताना वारा समोरून असतो. शिवाय दार बंद झालं की गाडी सुटली, दार उघडलं की पोचली. मधलं सगळं मोजायचं. तिकिटात पाच तास मिळवा बघू." मास्तरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "दहा चाळीस."

मिलिमीटर जिना उतरून खाली आले. वाटेत विमानवाल्या काकू भेटल्या.

"काय भाऊ, झालं का मोजून?"

"दहा चाळीस."

"मी सांगितलंच होतं. तीन सिनेमे आणि एक डुलकी." काकू दोन पायऱ्या चढल्या आणि वळून म्हणाल्या, "डुलकी चाळीस मिनिटांची धरा. मग सिनेमांचे बरोबर दहा राहतात. झोपलेला वेळ काय मोजायचा?"

हा युक्तिवाद मिलिमीटरांना इतका पटावासा वाटला की त्यांना स्वतःचीच काळजी वाटली.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले असताना ते बायकोला घेऊन तिकीटवाल्याकडे गेले. म्हणाले, कंपनीला लागणारा डॉक्टरांच्या परवानगीचा फॉर्म उद्या भरून आणतो, तू तिकीट काढून ठेव. तिकीटवाल्याने त्यांचं नाव टाकलं आणि पडद्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"साहेब, तिकीट निघत नाहीये. तुमच्या नावावर सामान हरवल्याची तक्रार उघडी आहे. ती मिटल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही." त्याने पुढे वाचलं. "दोन हजार पाचशे पन्नास किलो? एवढं काय नेत होतात?"

"मिटवायची कशी?"

तिकीटवाल्याने एक कागद छापून पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'माझे वरील सर्व सामान मला सुस्थितीत मिळाले. माझी काही तक्रार नाही.'

मिलिमीटरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चौतीस वर्षांत न पाहिलेल्या, न मोजलेल्या कशाखाली त्यांनी सही केली नव्हती. एकदा वरिष्ठांनी बळजबरी केली तर बदली पत्करली होती. आणि आज हा कागद त्यांना विचारत होता की अडीच हजार किलोमीटर मिळाले का, आणि तेही सुस्थितीत.

"मिळालं असं कसं लिहू?" त्यांनी क्षीणपणे विचारलं. "हरवलंच नव्हतं, असं नाही का लिहिता येणार?"

"तो फॉर्म वेगळा. त्याला तीन आठवडे लागतात. शिवाय तुम्ही खोटी तक्रार केलीत असा अर्थ होतो." तिकीटवाल्याने पेन पुढे केलं. "करा हो साहेब सही. कोण मोजायला येतंय?"

मिलिमीटरांनी सही केली. 'नग' असं लिहिलेल्या चौकटीत त्यांनी 'एक' लिहिलं. बायको शेजारीच बसली होती. तिने पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, कागद बघितले आणि कंपनीचा फॉर्म पुढे ओढला. "हं. प्रवास किती तासांचा निघाला?"

बायको भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होती. दहा तास चाळीस मिनिटं. आकडा मास्तरांनी काढलेला, मिलिमीटरांनी दोनदा तपासलेला. मिलिमीटरांच्या जिभेवर तो तयार होता. त्यांनी तोंड उघडलं.

"नऊ तास पन्नास मिनिटं," ते म्हणाले.

बायकोची मान गर्रकन वळली. मिलिमीटर समोर बघत राहिले. कान लाल, कपाळावर घाम, पाठ मात्र ताठ. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि ते हसायला लागले.

"म्हणजे खरे दहाच्या वर असणार. साडेदहा?"

मिलिमीटरांचा धीर खचला. "दहा चाळीस," ते पुटपुटले. "डॉक्टर, माफ करा. मी आयुष्यात कधी..."

"अहो, काही हरकत नाही. तुमचं हृदय तेव्हाही ठीक होतं. चौदा तास असते तरी मी पाठवलं असतं. दर तासाला उठून चार पावलं चाला, पाणी प्या."

"मग दहा का म्हणालात?"

"मी सगळ्यांना दहाच सांगतो," डॉक्टर फॉर्मवर सही करत म्हणाले. "ज्यांना भीती वाटत असते ते बारा-तेरा मोजून आणतात. त्यांना जबरदस्तीने विमानात बसवलं तर भीतीनेच काहीतरी होतं, म्हणून मी नको म्हणतो. आणि ज्यांना खरंच जायचं असतं, ते येऊन माझ्याशी खोटं बोलतात. नऊ पन्नास म्हणालात तेव्हाच कळलं."

मिलिमीटरांनी सही झालेला फॉर्म उचलला. महिनाभर त्यांना वाटत होतं की ते पृथ्वी मोजताहेत.

दवाखान्याच्या बाहेर येऊन ते पायरीवरच बसले आणि त्यांनी स्वतः लेकीला फोन लावला. एरवी फोन बायको लावायची आणि ते मागून "काय म्हणतेय?" विचारायचे.

"बाबा? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"मी येतोय," मिलिमीटर म्हणाले. आणि मग, सवयीने पुढे एखादं 'पण' येईल म्हणून तेही थोडे थांबले. ते आलं नाही. "आईच्या शेजारीच जागा आहे. मला खूप आधीच यायला हवं होतं गं."

पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग हुंदका ऐकू आला, मग एकामागून एक यायला लागले. मिलिमीटर फोन कानाला धरून नुसते बसून राहिले, त्यांच्या चष्म्याची काचही धुरकटली. बराच वेळ झाल्यावर बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"पुरे गं बाई आता, रडू नकोस," ती स्वतःचे डोळे पुसत म्हणाली. "यांनी तेही मोजायला घेतलं, तर विमान निघून जाईल."